सिल्व्हर स्प्रिंगमधलं इथिओपियन जेवण: शाकाहारी ताट, इंजेरा आणि तीन वेळा येणारी कॉफी

वॉशिंग्टन डीसीच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना अगदी कळकळीने सांगतेय, इथे राहून अजून इथिओपियन जेवण जेवला नसाल तर लवकर जा. शाकाहारी माणसाला बाहेर पोटभर, मसालेदार, दोन-तीन डाळी आणि तीन-चार भाज्या एकाच ताटात मिळतील अशी याच्या तोडीची दुसरी जागा मी तरी या भागात पाहिलेली नाही. आणि तरी आपल्या ग्रुपमध्ये कुठे जायचं हा विषय निघाला की थाई, मेक्सिकन, फार तर मेडिटरेनियन, त्याच्या पुढे कोणी जातच नाही. इथिओपियन म्हटलं की "ते आंबट काहीतरी असतं ना" किंवा "तिकडे कच्चं मांस खातात म्हणे" एवढ्यावर विषय संपतो. दोन्ही खरं आहे हं, पण त्या दोन गोष्टींच्या पलीकडे इतकं काही आहे की ते न खाताच राहणं म्हणजे आपलंच नुकसान.

हे ज्या रेस्टॉरंटबद्दल लिहितेय ते सिल्व्हर स्प्रिंगला, जॉर्जिया अव्हेन्यूच्या जवळपास, मेट्रोच्या रेड लाइनवरून उतरून चालत जाता येतं. त्या भागात इथिओपियन रेस्टॉरंट्स, किराणा दुकानं, कॅफे असं एकाला लागून एक आहे आणि मेनू सगळीकडे जवळपास सारखाच, त्यामुळे एका ठिकाणची पाटी सांगण्यापेक्षा काय मागवायचं, कसं खायचं हे सांगितलं तर जास्त उपयोग होईल. आम्ही जिथे जातो ते एक कुटुंब चालवतं, दहा-बारा टेबलं, भिंतीला लालिबेलाच्या खडकात कोरलेल्या चर्चचे फोटो, आणि आत शिरताच भाजलेल्या कॉफीचा आणि लोबानसारख्या धुपाचा वास.

इतके इथिओपियन लोक इथेच का, हा प्रश्न मलाही होता. १९७४ साली सम्राट हेले सेलासीला सैन्याने पदच्युत केलं, मग देर्ग नावाची लष्करी राजवट आली, हजारो माणसं मारली गेली, आणि ज्यांना जमलं ते देश सोडून निघाले. राजधानीचं शहर म्हणून विद्यार्थी, वकिलातीतले लोक वॉशिंग्टनमध्ये आधीपासून होतेच, त्यांच्या ओळखीने पुढचे आले, १९८० च्या निर्वासित कायद्याने वाट आणखी मोकळी झाली. १९७८ मध्ये मामा देस्ता नावाचं रेस्टॉरंट इथे सुरू झालं, मग अ‍ॅडम्स मॉर्गन, मग यू स्ट्रीटचा भाग, आणि भाडी वाढत गेली तसं अलेक्झांड्रिया आणि सिल्व्हर स्प्रिंग. देश सुटलेल्या माणसांनी घरची चव टिकवायला काढलेली ही ठिकाणं आहेत, आजही निम्मी टेबलं त्यांच्याच लोकांनी भरलेली असतात आणि म्हणूनच चव कुणासाठी पातळ केलेली नाही.

आता ताट. शाकाहारी असाल तर डोळे झाकून "व्हेजी कॉम्बो" मागवा, त्यांच्या भाषेत बेयाइनेतू. एक भलीमोठी गोल थाळी येते, पूर्ण थाळीभर इंजेरा पसरलेला आणि त्यावर ढिगाढिगाने सगळं वाढलेलं. मिसिर वोट म्हणजे मसूर डाळ, लालभडक, बर्बेरे मसाल्यातली. किक अलिचा म्हणजे हळद घातलेली वाटाण्याची डाळ, अजिबात तिखट नाही. गोमेन ही कोलार्डची पालेभाजी, लसूण-आल्यात मऊ शिजवलेली. टिकिल गोमेन म्हणजे कोबी-गाजर-बटाटा. फॉसोलिया म्हणजे फरसबी आणि गाजर. मधोमध तिमातिम, टोमॅटो-कांदा-हिरव्या मिरचीची लिंबू पिळलेली कोशिंबीर, आणि नशीब असेल तर अझिफा, म्हणजे अख्ख्या मसुराचं मोहरीच्या झणक्याचं थंड सॅलड, जे मला सगळ्यात जास्त आवडतं आणि जे सगळीकडे मिळत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर "अलिचा" हा शब्द लक्षात ठेवा, अलिचा म्हणजे बर्बेरे नसलेलं, सौम्य. आमची लेक किक अलिचा आणि कोबीवर खूश असते, तिला वेगळं काही मागवावं लागत नाही.

चमचे नाहीत. उजव्या हाताने इंजेराचा तुकडा तोडायचा, भाजी त्यात चिमटीत धरायची आणि तोंडात. बोटांना रस्सा लागू न देता खाणं ही तिकडची सवय, बोटं चाटणं असभ्य समजतात. बाजूला इंजेराच्या गुंडाळ्या वेगळ्या देतात त्या आधी संपवायच्या, आणि खालचा जो पसरलेला इंजेरा असतो, ज्यात सगळ्या भाज्यांचा रस मुरलेला असतो, तो शेवटी. घाईत तो तसाच टाकून उठू नका, अख्ख्या जेवणातला तो सगळ्यात चविष्ट भाग आहे.

इंजेराबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण नवीन माणूस अडतो तो इथेच. टेफ नावाचं धान्य असतं, खसखशीएवढं बारीक, इथिओपियाच्या पठारावर हजारो वर्षं पिकतंय. त्याचं पीठ पाण्यात भिजवून त्यात आधीच्या पिठावर जमलेलं पिवळसर पाणी, एर्शो, विरजण म्हणून घालतात आणि दोन-तीन दिवस आंबवतात. मग त्यातलंच थोडं पीठ पाण्यात शिजवून परत मिसळतात, त्याने पोत येतो. मिताद म्हणून मोठा सपाट मातीचा तवा असतो (आता बहुतेक ठिकाणी विजेवरचा), त्यावर बाहेरून आत गोल ओतत आणायचं, झाकण ठेवायचं, उलटायचं नाही. वरच्या बाजूला बारीक बारीक छिद्रं पडतात, ती जितकी एकसारखी आणि दाट तितका इंजेरा चांगला. हात लावला की गार, ओलसर, स्पंजसारखा मऊ, आणि चव आंबट, चांगलीच आंबट.

हा आंबटपणा पहिल्या घासाला एकटा खाल्लात तर विचित्र वाटेल. तो एकटा खायचा नाहीच मुळी. वोट म्हणजे जड रस्सा, त्यात किलोच्या हिशोबात कांदा, वर बर्बेरे, वर तेल किंवा तूप, आणि हे सगळं ज्या गोष्टीने हलकं होतं ती म्हणजे इंजेराची आंबट चव. दोन्ही एका घासात गेलं की कळतं की एकासाठी दुसरं बनलंय. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने इंजेराऐवजी भात मागवला होता, आणि मग "काही खास नाही, आपलीच डाळ" म्हणत उठले. भाताबरोबर खरंच काही खास लागत नाही ते!

आणि याच मुद्द्यावर मला जरा बोलायचंय. आपण नवीन जेवण स्वीकारतो ते बहुतेक वेळा "हे तर आपल्या अमक्यासारखंच" असं कोणीतरी सांगितलं की. मीही लोकांना टेबलापर्यंत आणायला तेच करते, शिरोचं नाव निघालं की पिठल्याचं नाव घेते, कारण शिरो म्हणजे मुख्यतः हरभऱ्याचं पीठ, मातीच्या छोट्या भांड्यात बुडबुडे फुटत, खदखदत टेबलावर येतं आणि बघणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला पिठलं आठवणारच. पण पुढे ते सोडून द्यावं लागतं. शिरोचं पीठ कच्चं नसतं, भाजलेल्या कडधान्यांबरोबर मसाले दळूनच पीठ होतं, त्यात मोहरी-हिंगाची फोडणी नाही, कढीपत्ता नाही, कोथिंबीर नाही, आहे तो विरघळून गेलेला कांदा, लसूण आणि बर्बेरेची खोल, किंचित धुरकट चव. पिठलं शोधत बसलात तर "फोडणी कमी पडली" असंच वाटत राहणार आणि शिरो चाखायचा राहूनच जाणार. इथे चांगलं काय लागतं हे त्या जेवणाच्याच हिशोबाने बघायला हवं, म्हणजे कांदा किती शिजलाय, मसाला किती मुरलाय, इंजेरा किती ताजा आहे.

कांद्यावरून सांगते, वोटाची सगळी करामत कांद्यात आहे. बारीक चिरलेला ढीगभर कांदा कोरड्या पातेल्यात, तेल न घालता, मंद आचेवर हलवत राहायचा, पार लगदा होईपर्यंत, आणि मग तेल, मग बर्बेरे, मग पुन्हा बराच वेळ. मिसिर वोटात कांद्याचा तुकडा दाताखाली आला तर समजा स्वयंपाकघरात घाई झालीय. बर्बेरेत वाळलेली लाल मिरची, आलं, लसूण, मेथी, ओवा, कलौंजी, तिकडची तुळशीच्या जातीची वाळवलेली पानं आणि कोरेरिमा नावाची त्यांची वेलची, आपल्या हिरव्या वेलचीपेक्षा थोडी धुरकट आणि कापरासारखी. तिखटपणा लगेच जाणवत नाही, चार घासांनंतर चढतो, तेव्हा पाणी जवळ ठेवा. याहून जहाल मितमिता, ती कोरडी पूड मागितल्यावरच मिळते.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र हे वाचून घ्या, चातुर्मास पाळत असाल तर तेवढे महिने इथे जाऊ नका. कांद्याशिवायचं इथे जवळजवळ काहीच नाही आणि "बाजूला काढून द्या" म्हणण्यासारखं ते जेवण नाही.

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या तेव्हा त्यांना नेलं, त्या पूर्ण शाकाहारी आहेत. मी मनातून जरा धास्तावले होते, चवीसाठी नाही, उष्ट्यासाठी. एका ताटात सगळ्यांनी हात घालायचा ही गोष्ट आपल्याकडच्या त्या पिढीला सोपी नाही, आणि त्यात चूक काही नाही, आयुष्यभराचं वळण आहे ते. त्यांनी वेगळी थाळी मागितली आणि वाढणाऱ्या मुलीने एक शब्द न बोलता लगेच आणून दिली, सगळं वेगळं वाढून. तुमच्याबरोबर असं कोणी असेल तर बिनधास्त मागा, कोणाला राग येत नाही. तशी एका थाळीतही प्रत्येकजण आपल्या समोरच्या बाजूचंच खातो, मध्ये हात घालत नाहीत.

पण खरी गंमत झाली ती उपवासावरून. आईंनी विचारलं यात अंडं-बिंडं नाही ना, तर ती मुलगी म्हणाली यात दूध, तूप, लोणीसुद्धा नाही, हे आमचं उपवासाचं जेवण आहे. मग काय! आई अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी करून विचारत राहिल्या, ती सांगत राहिली. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये दर बुधवारी आणि शुक्रवारी उपवास, ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवसांचा मोठा उपवास, शिवाय आणखी बरेच, सगळे धरले तर साध्या माणसाचे वर्षाला १८० च्या घरात जातात. उपवास म्हणजे दुपारपर्यंत काही नाही, आणि नंतर जे खायचं त्यात प्राण्यापासून आलेलं काहीही नाही. धान्य, डाळ, कांदा सगळं चालतं. आई म्हणाल्या, "आमच्याकडे उलटं गं, दूध-तूप चालतं, धान्य नाही चालत." मग साबुदाणा काय असतो हे सांगण्यात पुढची दहा मिनिटं गेली. या उपवासांमुळेच त्यांच्याकडे शाकाहारी जेवण इतकं मुरलेलं आहे. अर्धं वर्ष घरोघरी हेच शिजतं, कोणा शाकाहारी पाहुण्यासाठी मुद्दाम केलेलं ते नाहीच.

मांसाहारी मंडळींसाठी डोरो वोट. चिकनचा गडद लाल रस्सा, आत उकडलेलं अंडं, कांदा तासन्‌तास शिजलेला आणि निटर किब्बे म्हणजे मसाले घालून कढवलेलं तूप. मोठा उपवास सुटतो त्या ईस्टरच्या दिवशी घरोघरी हेच असतं. नवऱ्याच्या मते इथे यायचं ते यासाठीच, पण त्यालाही पोट भरायला लागतो तो मिसिर वोट. बरोबर अईब घ्या, ताजं मोकळं चीज, तिखट झालं की त्याने शांत वाटतं. टिब्स म्हणजे परतलेलं मांस, ते बहुतेक वेळा बीफ असतं, आमच्या घरी बीफ खात नाहीत म्हणून आम्ही मटणाचं, म्हणजे लॅम्बचं आहे का विचारून घेतो. पोर्क मेनूवर नसतंच, तिकडचे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन आणि मुसलमान दोघंही खात नाहीत. किटफो हे बारीक केलेलं कच्चं बीफ, कोमट निटर किब्बे आणि मितमितामध्ये कालवलेलं, गुरागे लोकांची खासियत. ज्यांना खायचं आहे पण पूर्ण कच्चं नको त्यांनी "लेब लेब" सांगावं, हलकं शेकून देतात. माझं म्हणणं एवढंच की नवीन जेवणाकडे मोकळ्या मनाने जाणं म्हणजे आपण जे खात नाही ते खाणं नव्हे. आपलं पथ्य सांभाळून, दुसऱ्याच्या टेबलावर किटफो आला तर नाक न मुरडता, आपल्या समोरची अझिफा मनापासून खाणं हेही तितकंच मोकळं मन आहे, आणि मुलं आपल्याकडे बघून हेच शिकतात.

गल्ल्यावर बसणारे आजोबा आम्ही भारतीय म्हटल्यावर उठून आले. त्यांच्या शाळेत गणिताचे शिक्षक केरळचे होते, फार कडक, पण त्यांच्यामुळेच इंजिनियर झालो म्हणाले. हेले सेलासीच्या काळात भारतातून कितीतरी शिक्षक तिकडच्या अगदी लहान गावांपर्यंत गेले होते, त्या वयाच्या इथिओपियन माणसाशी बोललात तर बहुतेकांना एखादे भारतीय सर आठवतातच. आणि आपल्या बाजूने बघायचं तर मलिक अंबर. १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला माणूस. १६१० मध्ये खडकी वसवली ती त्यानेच, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. भातवडीच्या लढाईत, १६२४ साली, शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. मुरूडला गेलं की आपण जंजिरा बघतो, तिथले सिद्दीही मूळचे आफ्रिकेतलेच. इतका जुना संबंध असलेल्या देशाचं साधं रोजचं ताट आपल्याला अनोळखी असावं याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून एवढं लिहितेय.

जेवण झाल्यावर वेळ असेल तर कॉफी समारंभ करतात का ते विचारा, रोज नसतो, आमच्या इथे वीकेंडला दुपारी असतो. हिरव्या कॉफीच्या बिया तुमच्यासमोर तव्यावर भाजतात, धुराचा वास घ्यायला तवा टेबलाजवळ आणतात, मग दळून जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळवतात. कान नसलेल्या छोट्या कपात ओततात, बरोबर पॉपकॉर्न. त्याच कॉफीत पुन्हा पाणी घालून दुसरी फेरी, मग तिसरी, अबोल, तोना आणि बरका अशी तीन नावं, आणि तिसरी घेतल्याशिवाय उठू नये असा रिवाज. याला तास सहज जातो, घाई असेल तर करू नका. आई चहावाल्या, त्यांनी पहिला कप साखर घालून घेतला आणि तिसऱ्यालाही हात पुढे केला. अरेबिका कॉफीचं मूळ इथिओपियाच्या जंगलात, आणि ती चव कळायची असेल तर दूध नको.

जे पटलं नाही तेही सांगते. वाढपाला वेळ लागतो, शनिवारी संध्याकाळी पाऊण तास थांबावं लागलं आणि भुकेली मुलं बरोबर असतील तर ते जड जातं. इंजेरा दर वेळी सारखा नसतो, आठवड्याच्या मध्ये एकदा कडा सुकलेल्या मिळाल्या. आणि महत्त्वाचं, इथला नेहमीचा इंजेरा पूर्ण टेफचा नसतो, गहू किंवा बार्ली मिसळलेली असते कारण टेफ महाग. इथिओपियाने तर देशात भाव चढतात म्हणून कच्च्या टेफच्या निर्यातीवर काही वर्षं बंदीच घातली होती, अमेरिकेत आयडाहोसारख्या ठिकाणी पिकतं पण स्वस्त नाहीच. टेफमध्ये ग्लुटेन नसतं हे ऐकून ग्लुटेनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी तसंच जाऊन खाऊ नये, शंभर टक्के टेफचा इंजेरा आहे का ते विचारावं, काही ठिकाणी आदल्या दिवशी फोन केला तर जादा पैसे घेऊन करून देतात. तो रंगाने गडद आणि चवीला जास्त आंबट असतो, मला तोच आवडतो.

घरी करून बघायचं असेल तर शेजारच्या इथिओपियन किराणा दुकानात इंजेराची पाकिटं आणि बर्बेरे दोन्ही मिळतं. बर्बेरेच्या जागी आपला गोडा किंवा कांदा-लसूण मसाला घालून मिसिर वोट होत नाही, चांगली आमटी होते फक्त. डब्यातून शेंगदाण्याएवढं बर्बेरे जिभेवर ठेवून बघा आणि मगच पाकीट घ्या, काही फार खारट असतात. भारतातून येणाऱ्यांसाठी, मुंबईहून इथिओपियन एअरलाइन्सने आलात तर अदिस अबाबाला विमान बदलावं लागतं, तेव्हा विमानतळावर बर्गर न खाता शिरो आणि इंजेरा मागवा.

दोघांचं व्हेज कॉम्बो तीस-पस्तीस डॉलरच्या आसपास पडतं आणि त्यात तिघं व्यवस्थित जेवतात, आम्ही चार मोठे आणि एक लहान असलो तर दोन कॉम्बो, एक शिरो आणि एक डोरो वोट पुरून उरतं. रविवारी चर्च सुटल्यावर दुपारी एकदम गर्दी होते, तेव्हा साडेअकराच्या आत पोचा किंवा शनिवारी दुपारी जा. रस्त्यावर पार्किंग मिळत नाही, मागच्या गल्लीत काउंटीचं गॅरेज आहे तिथे लावा. आणि टेबलावर बसल्या बसल्या अझिफा आहे का ते आधी विचारून घ्या, दुपारी दोनपर्यंत संपलेली असते.